चाकाला चढलेला रंग

पर्वरीहून कळंगुटकडे जाणाऱ्या चोगम रस्त्यावर एखाद्या रविवारी संध्याकाळी नुसते उभे राहा आणि गाड्यांची चाके बघा. काळी कुळकुळीत, सोनेरी, तांबूस, पांढरी, मधूनच एखादे पोपटीसुद्धा. कंपनीतून रुपेरी चाके लावून आलेली गाडी पहिला पावसाळा सरायच्या आत गॅरेजमध्ये जाते आणि चाकांचा रंग बदलून येते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरांना पैसे उडवायला काहीतरी निमित्त लागते. मला मात्र या हौसेमागे दोनशे वर्षांहून जुना, मोठा मजेदार इतिहास दिसतो. चाकावर आलेला जवळजवळ प्रत्येक रंग आधी औषध म्हणून आला आणि मागाहून दागिना झाला. लाकूड कुजू नये, लोखंड गंजू नये, मॅग्नेशियमला खारी हवा खाऊ नये म्हणून कोणीतरी काहीतरी फासले. पुढच्या पिढीला ते सुंदर वाटले, तिने ते गरज नसतानाही फासले. हल्ली आपल्याकडे दागिना तेवढा उरला आहे आणि औषधाचा विसर पडला आहे. समुद्रकाठच्या गोव्यात हा विसर महागात पडतो.

सुरुवात लाकडापासून करू. बैलगाडीचे चाक आठवते ना? मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतीचे पाटे आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सगळे सांधे कचकून बसतात. पण लाकूड पावसात फुगते आणि उन्हात सुकते. सुकले की धाव सैल, आरे खुळखुळे, आणि मग गाडी चढावावर मधेच दगा देते. तेव्हा लाकडात पाणी शिरू न देणे ही चाकाच्या आयुष्याची पहिली अट. आपल्या रापणकारांनी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल पाजले ते याच हिशेबाने. युरोपातल्या बग्गी बनवणाऱ्यांनी तेलाच्या जोडीला शिशाचे रंग आणले. इंग्लंडात १७८४ साली टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या. त्यांचा साटा वरून काळा, खालून गडद तपकिरी-लाल, आणि चाके लालभडक. थरावर थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा, शेवटी व्हार्निश. चांगली बग्गी रंगवायला कित्येक आठवडे लागत. इतके कष्ट केले ते लाकूड वाचवण्यासाठी, पण लाल चाकांची टपालगाडी लांबून धुरळा उडवत येताना लोकांच्या डोळ्यांत भरली ती रंगामुळेच.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडे काढून घेतलेल्या बग्ग्याच. चाकेही तशीच, तोफगाड्याच्या चाकांच्या धर्तीवर केलेली जाड लाकडी आऱ्यांची. रंगकामही तेच आणि वाळण्याचा वेळही तोच. फोर्ड साहेबांना हा वेळ परवडणारा नव्हता. त्यांची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा हिरव्या, लाल, राखाडी रंगांतही मिळत होती. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती फक्त काळीच निघाली. काळा रंग स्वस्त, टिकाऊ, आणि एकच रंग ठेवला की कारखान्याचा खोळंबा कमी. म्हणजे आज ज्या काळ्या चाकांसाठी आपली मुले जादा पैसे मोजतात, तो काळा रंग एके काळी गरिबाच्या गाडीची खूण होता!

पुढे १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड नावाची आपली गाडी ‘ड्यूको’ या नव्या रंगात रंगवून दाखवली. ड्यूपाँ कंपनीचे हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आठवड्यांऐवजी तासांत वाळायचे. त्यानंतर मोटारींवर रंगांची बरसात झाली आणि चाकेही त्यात न्हाली.

एव्हाना लाकडाची जागा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची चाके घेऊ लागली होती. त्यांना कुजण्याचे भय नाही, पण गंजण्याचे आहे. रंग पुन्हा औषध. मोटारीच्या अंगाला जो रंग दिला त्यातलाच चाकालाही द्यायचा, वर चकचकीत टोपी बसवायची, हा बेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे सगळीकडे रुळला. याचा उत्तम नमुना गोव्याने फार जवळून पाहिला आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत इथे युरोपातल्या मोटारी भारतापेक्षा कितीतरी सहज येत, आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षे जुन्या मर्सिडीझ टॅक्सी म्हणून धावत होत्या. त्या गाड्यांच्या चाकाची टोपी बघावी: कडेला क्रोम, आणि आत गोल पट्टा गाडीच्याच रंगाचा. करड्या गाडीला करडा, निळ्या गाडीला निळा. पंचम जॉर्जच्या डोक्यावर मुकुट शोभावा तशी ती टोपी चाकावर शोभायची. आपल्या अँबॅसडरला आणि फियाटला मात्र असले लाड कमीच. बहुतेकांच्या नशिबी साधा रुपेरी रंग. दर दसऱ्याच्या आधी ब्रश घेऊन चाकांना तो फासायचा, फासता फासता टायरवरही चार ठिपके उडवायचे, आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालून चाकाखाली लिंबू ठेवायचे, हा आपल्याकडचा रिवाज.

त्या रुपेरी रंगाची एक गंमत आहे. त्यात रूपे औषधालाही नसते. त्यात असतो तो अॅल्युमिनियमचा बारीक चुरा. चुऱ्याची पापुद्र्यासारखी चपटी खवले एकावर एक बसतात आणि ओलावा आत जाऊ देत नाहीत. म्हणजे अॅलॉय चाके आपल्या दारी यायच्या कित्येक वर्षे आधीपासून आपण पोलादी चाकावर अॅल्युमिनियमच चढवत होतो.

आता या अॅलॉयकडे वळू. अॅल्युमिनियमचे ओतीव चाक प्रसिद्धीला आले ते १९२४ च्या ऑगस्टमध्ये. फ्रान्समध्ये ल्यॉंजवळ ग्रां प्रीची शर्यत होती आणि एत्तोर बुगाटी यांनी आपली टाइप ३५ ही गाडी उतरवली. आठ चपट्या आऱ्यांची, चाक आणि ब्रेकचा ड्रम एकाच ओतात घेतलेली ती चाके बघायला गर्दी झाली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि बुगाटींच्या पदरी निराशा आली, पण चाक मात्र अजरामर झाले. चाक बदलले की ब्रेकही तपासता येई, आणि अॅल्युमिनियम उष्णता झटकन वाहून नेत असल्याने ब्रेक थंड राही. निळ्या गाडीखाली ही चाके धातूच्या आपल्या रंगात उघडी होती. लोखंडासारखे अॅल्युमिनियम गंजत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच धरते आणि तेच त्याला राखते. तेव्हा हे पहिले चाक, ज्याला रंगाच्या औषधाची तितकीशी गरज नव्हती. निदान ल्यॉंसारख्या समुद्रापासून दूर गावात तरी नव्हती.

शर्यतवाल्यांची भूक मात्र एवढ्यावर भागली नाही. लोखंडाचे विशिष्ट गुरुत्व ७.८७, अॅल्युमिनियमचे २.७०, आणि मॅग्नेशियमचे अवघे १.७४. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेड हॅलिब्रँड यांनी मॅग्नेशियमची चाके ओतून शर्यतीच्या गाड्यांना पुरवायला सुरुवात केली, आणि पुढे ‘मॅग’ हा शब्दच चाकाला चिकटला. आपल्याकडे मोटरसायकलच्या ओतीव चाकाला अजून ‘मॅग व्हील’ म्हणतात, त्यात मॅग्नेशियमचा अंश नावापुरता असला तरी! हा धातू मोठा तापट. एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. १९५५ साली ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीझची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीच्या वर माणसे गेली, त्या गाडीचा साटा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता आणि तो कितीतरी वेळ जळत राहिला.

पेटण्याइतकीच त्याची दुसरी खोड म्हणजे खारी हवा त्याला सोसत नाही. ऑक्साइडचे कवच त्यालाही धरते, पण ते सच्छिद्र. मिठाचा वारा लागला की पांढरी भुकटी सुटू लागते. त्यावर उतारा म्हणून डायक्रोमेटच्या द्रावणात ते बुडवून काढत. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीची ‘डाऊ ७’ ही प्रक्रिया त्यातली नामांकित. या स्नानातून चाक निघे ते पितळी-सोनेरी किंवा तपकिरी छटा घेऊन. आणि इथे माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात रसाळ भाग येतो. ती छटा कोणी हौसेने निवडलेली नव्हती, ती औषधाचा डाग होती. आजीच्या काढ्याने ओठ पिवळे व्हावेत तशी. पण शर्यतीच्या मैदानावर ती छटा म्हणजे ‘याचे चाक मॅग्नेशियमचे आहे, हलके आहे, महाग आहे’ याची पाटी ठरली. मग अॅल्युमिनियमच्या साध्या चाकालाही लोक सोनेरी रंग देऊ लागले. १९९३ पासून ब्रिटिश सिगारेटच्या ५५५ या छापाचे निळे-पिवळे कपडे घालून सुबारूच्या गाड्या जागतिक रॅलीत धावल्या, त्यांच्या इंप्रेझाची चाके सोनेरी होती. १९९५ साली कॉलिन मॅकरे तिच्यावर जगज्जेता झाला. १९९८ साली त्याच्या नावाने संगणकावरचा खेळ निघाला. निळ्या गाडीला सोनेरी चाके हे चित्र आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात बसले ते बहुधा या खेळातून. मडगावात एखाद्या निळ्या स्विफ्टला आज सोनेरी चाके दिसतात तेव्हा तो डायक्रोमेटच्या पिपाचा पणतू समजावा. मूळ औषध मात्र गेले. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण होते, म्हणून युरोपात २००७ सालापासून मोटारींच्या गंजरोधक थरांत त्याला बंदी आहे.

काळ्या रंगानेही असाच चक्कर मारून पुन्हा मानाचे पान मिळवले. पोर्शने १९६६ साली ९११ एस ही गाडी आणली, तिला जर्मनीतल्या ऑटो फुक्स कारखान्याने घडवलेली घणाई चाके दिली. ओतलेली नव्हे, दाबाखाली घडवलेली. पाच पाकळ्या, कडा चकचकीत आणि पाकळ्यांमधली जागा काळी. फोर्डच्या काळ्यात काटकसर होती, या काळ्यात ऐट. त्या काळ्याला एक व्यवहारी कारणही जोडता येते. डिस्क ब्रेक घासले की त्याच्या लोखंडाची आणि पॅडची बारीक पूड चाकावर बसते, आणि रुपेरी चाक आठवड्यात तपकिरी दिसू लागते. काळ्यावर ती खपून जाते. पुढे २००१ सालच्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ने जगभरच्या पोरांना चाकांचे वेड लावले, आणि भारतीय कंपन्यांनीही ते हेरले. ऑगस्ट २०१९ मध्ये टाटांनी हॅरियरची ‘डार्क’ आवृत्ती काढली तेव्हा काळी चाके कंपनीतूनच मिळू लागली. ज्यांची गाडी आधीची, त्यांनी गॅरेज गाठले. ‘काळें मारूया पात्रांव, एकदम बरें दिसतलें!’

दिसते खरे बरे. पण मी वर म्हटले तो औषधाचा विसर इथून सुरू होतो.

आजचे साधे ओतीव अॅलॉय चाक बहुतेक वेळा अॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम घालून केलेले असते. ओतल्यावर ते सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवतात, मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या भट्टीत काही तास मुरू देतात. लोणचे मुरावे तसे. त्या मुरण्यात त्याची ताकद आहे. मग त्याला रासायनिक पूर्वसंस्कार, त्यावर भुकटीचा अस्तर थर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर. आपल्याला दिसतो तो रंग या उतरंडीतला फक्त एक थर. हल्ली ‘डायमंड कट’ म्हणून जी चकाकणारी चाके येतात, त्यांत तर रंग झाल्यावर दर्शनी बाजू यंत्रावर तासून काढतात आणि त्या उघड्या धातूवर राहते ते फक्त लॅकर. एक कवच, बस्स.

आता या चाकाला मिरामार, कोलवा किंवा वास्कोच्या हवेत ठेवा. मिठातले क्लोराइड अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या कवचाला भोके पाडते. फुटपाथला चाक घासले, किंवा बॅलन्सिंगचे वजन कडेला ठोकताना लॅकरला चरा गेला, की खारे पाणी तिथून आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या बारीक रेघा सरपटू लागतात. वाळवी भिंतीत चालावी तशा. वर्ष-दोन वर्षांत कडेचे लॅकर पापुद्रे धरून सुटते. टायर बसतो त्या आतल्या कडेला हे झाले तर हवा हळूहळू निघत राहते, आणि टायरवाला पंक्चर शोधून थकतो. त्यात भाड्याच्या गाड्या घेऊन किनाऱ्यावर लाटांत घुसणारे पर्यटक! पोलीस त्यांना पकडतात ते वेगळेच, पण त्या बिचाऱ्या चाकांना नंतर गोड्या पाण्याने कोणी धुतही नाही.

अशा चाकाला रंग बदलायला गॅरेजमध्ये नेले की दोन प्रकार घडतात. बरा कारागीर टायर उतरवतो, जुना थर पूर्ण काढतो, पांढरी बुरशी मुळापासून घासतो, पूर्वसंस्कार आणि प्रायमर देऊन मगच रंगाला हात घालतो. दुसरा टायरला कागद चिकटवतो, चाकावर सॅंडपेपर फिरवतो आणि स्प्रेचा डबा हलवतो. संध्याकाळी दोन्ही चाके सारखीच दिसतात. पुढचा पावसाळा संपला की कळते कोणते कुठले, कारण लॅकरखालच्या रेघा नव्या रंगाखालीही चालतच राहतात.

जुना थर काढण्यातही खोच आहे. लोखंडी फाटकाचा रंग कॉस्टिक सोड्याने निघतो म्हणून कोणी तीच युक्ती चाकावर करील तर सोडा रंगाबरोबर अॅल्युमिनियमही खाईल. चाकातून बुडबुडे येताना दिसतात तो हायड्रोजन असतो. पोलादी चुऱ्याने झोडपले तर लोखंडाचे कण धातूत रुतून बसतात आणि पुढे तिथूनच डाग फुटतात. भुकटीचा रंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर पिकवतात. वीस मिनिटांचा एक फेरा कारखान्यातही होतो आणि तो चाकाला सोसतो. पण तोच ताप आचरट वाढवला, किंवा नाही पटला रंग म्हणून पुन्हा पुन्हा भट्टीत घातले, तर मघाचे मुरलेले लोणचे जास्त मुरते. धातूची ताकद उतरू लागते, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

नटांच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या मागच्या तोंडावर जाड रंग राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि घट्ट आवळलेले नट आपोआप सैल पडतात. तिथला रंग पुसून काढायचा असतो, आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा ठरावीक जोराने आवळून बघायचे असतात. हे गिऱ्हाइकाला सांगणारे गॅरेज मला चांगले वाटते, मग त्याच्या पाटीवरचे मराठी कसे का असेना.

सर्वात वाईट म्हणजे रंगाआड लपलेली भेग. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात पोलादी चाक आपटले तर वाकते. ते ठोकून सरळ करता येते. ओतीव अॅल्युमिनियम पुष्कळदा तडकते, आणि तडा बहुतेक वेळा आतल्या बाजूला, डोळ्याआड. तो वेल्डिंगने भरून वर काळा रंग दिला की चाक नव्यासारखे. वेल्डिंगच्या तापाने तिथला धातू मऊ झालेला असतो, तो पुढच्या खड्ड्यात मोकळा होतो. म्हणून जुनी गाडी घेताना चारही चाके ताजी काळी दिसली तर मी तरी आधी गाडी लिफ्टवर चढवून आतली बाजू बघायला सांगेन. गाडीच्या अंगाचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओला कळवावे लागते. चाकाच्या रंगाची नोंद कुठेच नसते, त्यामुळे हा तपास आपणच करायचा.

राहता राहिला प्रश्न कोणता रंग द्यावा हा. बाकी कुठे काय चालते ते सोडा, आपल्या मातीचा विचार करा. डिचोली-सांग्याकडची लाल धूळ पांढऱ्या चाकाला दोन दिवसांत शेंदरी करते. काळ्यावर ब्रेकची पूड खपते पण सुकलेल्या मिठाचे पांढरे ओघळ आणि जांभ्याची धूळ दोन्ही उठून दिसतात. सोनेरीवर धूळ कमी दिसते, पण चरा गेला की आतले रुपेरी चमकते. या सगळ्यांत टिकतो तो गडद राखाडी, बंदुकीच्या नळीसारखा. धूळही त्यात मुरते, मीठही, ब्रेकची पूडही. आणि पंधरा दिवसांतून एकदा साध्या गोड्या पाण्याचा पाइप चाकाच्या आतल्या बाजूलाही मारला, तर कंपनीची मूळ रुपेरीसुद्धा दहा वर्षे जाते. ती रंगवायची वेळ आली तर बारीकसारीक चरे उन्हात निरखून, आतली कड बोटाने चाचपून, मगच द्या गॅरेजला.